गुप्ते डॉक्टरांचं ‘करून दाखवा’

“म्हात्रेबाई, उठा! हात पडलाय!”

गुप्ते डॉक्टर असे ओरडत माझ्या लॅबच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी लघवीची बाटली होती. ती सांडता सांडता वाचली. मला वाटलं, खाली पेणच्या बाजारात अपघात झाला आणि कुणाचा तरी हात तुटून रस्त्यावर पडला. डॉक्टरांचा चेहरा मात्र नातू झाल्याचे पेढे वाटायला निघालेल्या आजोबांसारखा फुलला होता.

“कुणाचा हात?” मी विचारलं.

“यशवंतकाकांचा! मनगटातून पडलाय. अहो, इतका सुंदर पडलेला हात मी पुस्तकाबाहेर पाहिला नव्हता. चला, चला!”

पडलेला हात म्हणजे तुटलेला नव्हे. हात खांद्याला शाबूत असतो, कोपरात नीट वाकतो. पण समोर धरायला सांगितलं की मनगट आणि बोटं खाली लटकतात आणि काही केल्या वर येत नाहीत. यात सुंदर म्हणण्यासारखं काय आहे, ते डॉक्टरांनाच ठाऊक. यशवंतकाकांना तर ते मुळीच सुंदर वाटत नव्हतं, कारण तो त्यांचा उजवा हात होता आणि त्या हाताने ते गणपतीचे डोळे आखत.

पेणच्या कारखान्यांत साचे करणारे वेगळे, ओतणारे वेगळे, घासणारे आणि रंगवणारे वेगळे. या सगळ्यांत डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा मान मोठा. डोळे आखून होईपर्यंत लोक मूर्तीला खुशाल पाय लावून ओलांडतात, आखल्यावर तिच्यासमोर मोठ्याने बोलतसुद्धा नाहीत. यशवंतकाका मिसरूड फुटायच्या आधीपासून हे काम करत होते. त्यांचा मालक बिनडोळ्यांच्या मूर्तींच्या रांगा लावून त्यांची वाट बघायचा, दुसऱ्या कुणाला ब्रश लावू द्यायचा नाही. आणि आता शिमगा होऊन गेला होता, मूर्ती मांडवभर तयार उभ्या होत्या, आणि काकांचा हात गेला होता.

मी डॉक्टरांच्या मागोमाग समोरच्या दवाखान्यात गेले. काका स्टुलावर बसले होते. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात मांडीवर धरून ठेवला होता.

“हात हाय, पण नाय,” ते मला म्हणाले.

“अभिनंदन, काका!” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला काहीतरी भलतंच झालंय!”

काकांची बायको, यमुनाकाकी, पदराने डोळे पुसत होती. ती पुसायची थांबली आणि डॉक्टरांकडे बघतच राहिली.

आता हा माणूस कसा होता ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की त्यांना माणुसकी नव्हती. माणुसकी ढीगभर होती. पण दुर्मीळ आजार दिसला की त्यांना आनंद लपवता येत नसे. अंगाने उंच, नाक लांब, शर्ट कायम पांढरा आणि पूर्ण बाह्यांचा, आणि चालणं असं की जिन्यावर पावलांचा आवाज आला की माझी मदतनीस नमुन्यांच्या बाटल्या आत सरकवून ठेवायची. शिक्षण मुंबईत झालं होतं. तिथे राहिले असते तर मोठे झाले असते, असं सगळे म्हणत. डॉक्टरांना विचारलं तर सांगायचे, “मुंबईत बिरडं कोण खाऊ घालणार मला?” कडव्या वालाचं बिरडं आणि सोड्याची खिचडी या दोन गोष्टींपुढे त्यांची जातिवंत सीकेपी जीभ मुंबई कवडीमोल समजे. मला मात्र दुसरं कारण माहीत होतं. मुंबईत प्रत्येक विचित्र आजाराला दहा डॉक्टर टपलेले असतात. पेण-रोह्यात मिळून तो एकट्या गुप्त्यांचा होता.

साध्या आजाराचं त्यांना वावडं होतं. उपचार करायचे, अगदी चोख करायचे, पण चेहरा पाडून. सर्दीच्या पेशंटला तपासून झालं की शिळी भाकरी वाढताना व्हावं तसं ओशाळून म्हणायचे, “साधी सर्दीच आहे हो.” त्याचा परिणाम भलताच झाला. साधा ताप घेऊन त्यांच्याकडे जायची लोकांना लाज वाटू लागली. बायका बाहेरच्या बाकावर बसून आपापल्या दुखण्यात भर घालत. एक आजी तर पाय मुरगळला म्हणून आली आणि आत जाऊन सांगू लागली, “डाक्टर, डाव्या कानात गोड गोड लागता.” डॉक्टर ताडकन उभे राहिले. अर्धा तास त्यांनी तिचा कान, जीभ, डोकं, सगळं पालथं घातलं. शेवटी आजीच कंटाळली. म्हणाली, “जाऊ दे बाबा, पायच बघ.”

निदान करायची त्यांची एक पद्धत होती. पेशंट सांगू लागला की ते मध्येच हात वर करत. “सांगू नका. करून दाखवा.” तुम्ही जे काम करता ते इथे, माझ्यासमोर, करून दाखवा. त्यामुळे त्या दहा बाय बाराच्या खोलीत मी माणसांना भात लावताना पाहिलंय, मिठागरातलं मीठ ओढताना पाहिलंय, एका बसच्या ड्रायव्हरला खुर्चीत बसून वडखळपासून रोह्यापर्यंत तोंडाने गिअर टाकत जाताना पाहिलंय. डॉक्टर त्याच्या मागे प्रवासी होऊन बसले होते. ड्रायव्हरची मान एका ठराविक वळणाला फिरली की त्याला चक्कर येते, हे त्यांनी नागोठण्याच्या अलीकडेच ओळखलं. तरी रोह्यापर्यंत गाडी नेऊ दिली. म्हणाले, मध्येच उतरवणं बरं दिसत नाही.

रोह्याला ते आठवड्यातून एकदा जात. तिथेही एक छोटा दवाखाना होता. जायचं ते ट्रेननेच. गाडीतली माणसं हा त्यांना फुकटचा खजिना वाटे. एकदा डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर असलेला एक माणूस शिफ्ट सुटल्यावर पेणला त्यांच्या समोरच्या बाकावर बसला. डॉक्टर त्याच्या हातांकडे बघत बसले, मग हनुवटीकडे, मग पायांकडे.

“काय बघताव?” तो गुरकावला.

“सेफ्टी शूज नवे दिसतात. आधीचे फाटले का?”

“नाय. लहान झाले.”

“त्याआधीचे?”

“ते पन.”

डॉक्टर सुखाने थरथरू लागले. त्यांनी त्या माणसाचं ओळखपत्र मागितलं. त्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा यांत भाऊ-भाऊ शोभतील इतका फरक होता. नाक रुंद झालेलं, जबडा पुढे आलेला, बोटातली अंगठी रुतलेली. तोवर निडी स्टेशन आलं. तो माणूस घाबरून उतरला आणि तरातरा चालू लागला. डॉक्टरही उतरले. रोह्याला पेशंट वाट बघत होते ते बघतच राहिले. डॉक्टर त्याच्या मागे धावत, “अहो, अभिनंदन! थांबा! तुमच्या डोक्यात एक गाठ आहे!” असं ओरडत निडीच्या बांधावरून चालले होते. गावातल्या लोकांनी त्यांना धरलं. अर्ध्या तासाने ते त्याच माणसाच्या ओटीवर बसून तांदळाची भाकरी खात होते आणि त्याच्या बायकोला समजावत होते की मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती फुगली की मोठ्या माणसाचेही हातपाय वाढू लागतात. त्यांनी स्वतः त्याला मुंबईला नेलं. ऑपरेशन झालं. बूट वाढायचे थांबले. पुढे कितीतरी वर्षं तो दरवर्षी त्यांना पायलीभर वाल आणून द्यायचा.

ते नेहमी बरोबर असत असं मात्र नाही. चुकत तेव्हाही थाटात चुकत. एकदा एक नवा जावई दोन्ही हात निळे पडले म्हणून आला. डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचा नमुना मला द्यायला लावला, मुंबईच्या दोन मित्रांना फोन केले, माझ्या लॅबमध्ये येऊन रक्ताच्या रंगावर व्याख्यान दिलं. हे रक्त प्राणवायू सोडत नाही, म्हणाले, लाखांत एखादा असा सापडतो. मी सुई टोचायच्या आधी स्पिरिटच्या कापसाने त्या जावयाचं बोट पुसलं. बोट गोरं झालं आणि कापूस निळा झाला. बिचारा नवी जीन्स घालून सासुरवाडीला आला होता आणि लाजून दिवसभर खिशात हात घालून फिरत होता. मी कापूस डॉक्टरांच्या समोर धरला. ते क्षणभर बघत राहिले आणि मग इतके हसले की चष्मा खाली पडला. ही गोष्ट गावात मी सांगितलेली नाही. त्यांनीच सांगितली, भेटेल त्याला, महिनाभर.

असा हा माणूस त्या वैशाखात दवाखाना बंद करून नाशिकला मुलीकडे कायमचा राहायला जायचा होता. गुडघे बोलू लागले होते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलीने तिकडे त्यांची खोली रंगवून ठेवली होती. खोलीचा रंग कोणता हवा ते तिने चारदा विचारलं होतं. आणि नेमका तेव्हा यशवंतकाकांचा हात पडला.

“आधी कुणाला दाखवलंत?” डॉक्टरांनी यमुनाकाकीला विचारलं.

तिने सगळं सांगितलं. वर्षभर पोटात कळ यायची. “गडबडा लोळायचे. अपेंडिक काढला, तरी दुखतच ऱ्हायला.” मग अशक्तपणा आला. मग हात. एकाने मानेचा फोटो काढून मणक्यात गॅप सांगितली, मानेला पट्टा बांधला. एका भगताने सांगितलं की काकांच्या हातून कुठल्या तरी गणपतीचा डोळा वाकडा आखला गेलाय, त्याचा हा कोप.

हे ऐकताना काका जमिनीकडे बघत होते. “माझ्याकडून कायतरी चुकला असंल,” ते हळूच म्हणाले. “एवढे डोले काडले. एकादा वाकडा गेला असंल.”

डॉक्टरांचं हसू तिथे मावळलं. मी त्यांना इतकं गंभीर क्वचित पाहिलं होतं.

“काका, ज्याचे डोळे तुम्ही आयुष्यभर काढलेत तो तुमचा हात घेईल? इतका कोत्या मनाचा देव मला तरी माहीत नाही. हा आजार आहे. त्याला नाव आहे. ते मी शोधून काढीन.”

“आणि हात?”

“ते नावावर अवलंबून आहे,” डॉक्टर म्हणाले. खोटा धीर ते कधी देत नसत.

मग त्यांनी काकांचं पोट दाबलं, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, तोंड उघडायला लावलं. काकांचे दात आणि हिरड्या तंबाखूने काळ्या झालेल्या होत्या. तिथे काही दिसायची सोय नव्हती. डॉक्टरांनी नाक मुरडलं, खुर्चीत बसले, आणि मी ज्याची वाट बघत होते तेच म्हणाले.

“करून दाखवा.”

“काय करू? हातच नाय.”

“डाव्या हाताने करा. हे माझं पेन घ्या. हा भिंतीवरचा कॅलेंडरातला माणूस म्हणजे मूर्ती. त्याला डोळे आखा. अगदी कारखान्यात करता तसं.”

काकांनी पेन घेतलं. डावा हात, पण नजर बदलली. पाठ सरळ झाली. वाटीत ब्रश बुडवावा तसं पेन हवेत बुडवलं, वाटीच्या काठाला निथळलं, आणि मग तोंडाकडे नेलं. पेनाचं टोक ओठांत धरून हलकेच फिरवून बाहेर काढलं आणि कॅलेंडरातल्या माणसाच्या डोळ्याला लावलं. सगळं इतकं सहज झालं की त्यात काही वावगं आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

“थांबा!” डॉक्टरांच्या ओरडण्याने यमुनाकाकी दचकून उठली. “पेन तोंडात का घातलंत?”

“टोक काडायला,” काका म्हणाले. डॉक्टरांना इतकं साधं कळू नये याचं त्यांना नवल वाटलं असावं. “केस फुटलेले ऱ्हायले तर रेग जाडी येते. ब्रश चाटायला लागतोच.”

“प्रत्येक रेघेला?”

“व्हय. बा पन तसाच करायचा.”

“आणि डोळ्याचा पांढरा रंग कोणता वापरता?”

इथे काकांना पहिल्यांदा उत्साह आला. हल्लीचा डब्यातला पांढरा ते वापरत नसत. त्याला झाक नाही, म्हणाले, डोळा मेल्यासारखा दिसतो. वडलांच्या वेळचा जुना सफेता घरात साठवलेला होता, तो ते तेलात घोटून घेत.

डॉक्टर हळूच म्हणाले, “सफेता म्हणजे शिसं. म्हात्रेबाई, शिसं! रक्त घ्या!”

त्यांनी काकांना जवळजवळ उचलूनच माझ्या लॅबमध्ये आणलं. मी थेंब घेतला, काचेवर पसरला, रंगवला. रंग वाळेपर्यंत डॉक्टर माझ्या खुर्चीभोवती फेऱ्या मारत होते. मी भिंगात बघायला वाकले तेव्हा त्यांचं नाक माझ्या खांद्यावर होतं. लाल पेशींमध्ये बारीक बारीक निळे ठिपके दिसत होते, रांगोळीच्या ठिपक्यांइतके स्पष्ट. शिशाचं विष रक्तात भिनलं की असे ठिपके दिसतात, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि नंतर कधीही पाहिलं नव्हतं.

“आहेत,” मी म्हटलं.

डॉक्टर माझ्या लॅबमध्ये नाचले. हे मी वाढवून सांगत नाहीये. त्या लांब पायांनी त्यांनी दोन-तीन गिरक्या घेतल्या आणि त्यात सेंट्रिफ्यूजच्या वायरीत पाय अडकून ते मशिनसकट पडता पडता वाचले. मग काकांना भिंगापाशी बसवलं. “बघा काका, तुमच्या रक्तात तुम्हीच ठिपके काढून ठेवलेत. तुमच्या हाताचं गुपित इथे आहे.”

काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मंजे डोला वाकडा नव्हता गेला?”

“एकही नाही.”

तेव्हा काका रडले. आवाज न करता, डाव्या हाताने तोंड झाकून. यमुनाकाकीने मला जवळ ओढलं. “गो बाय, त्यांना पानी दे,” म्हणाली आणि स्वतःच माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. डॉक्टर नाचायचे थांबून खिडकीशी उभे राहिले आणि खालच्या रिक्षांकडे लक्षपूर्वक बघू लागले.

मुंबईहून रिपोर्ट आला, शिसं भरपूर होतं. मग उपाय सुरू झाले. काकांच्या घरातला सफेता डॉक्टरांनी आधी बाहेर काढायला लावला. शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या कॅप्सूल डॉक्टरांनी मुंबईच्या मित्राला विचारून, कुठून कुठून मागवून आणल्या. त्यांचा वास नासक्या अंड्यांसारखा होता. काकांच्या आळीत लोकांनी गटार फुटलं म्हणून नगरपालिकेला कळवलं. मनगट वर धरून ठेवायला पट्टी हवी होती, तर कारखान्यातल्या पोरांनी काथ्या आणि प्लास्टर वापरून काकांच्या हाताच्या मापाची खोबणी स्वतःच ओतली, घासली आणि राहवलं नाही म्हणून तिला सोनेरी रंग देऊन कडेला नक्षीही काढली. काका तो हात घेऊन बाजारात फिरू लागले तेव्हा लोक वाट देत. डॉक्टरांनी तिची भक्तिभावाने पाहणी केली आणि नक्षीत एक बाजूबंद कमी आहे म्हणाले.

वैशाख आला. नाशिकहून मुलीचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, ज्येष्ठात येतो. ज्येष्ठात म्हणाले, आषाढात. मुलगी मला फोन करून विचारू लागली, “म्हात्रेबाई, बाबांना काही झालंय का?” मी म्हटलं, एकाचा हात पडलाय. तिला उलगडा झाला नसावा.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला बोटं थोडी वर येऊ लागली होती. डॉक्टर रोज तपासायचे, “अभिनंदन!” म्हणायचे. आणि एके दिवशी हात पुन्हा लटकला. पोटातली कळ परत आली. दुसऱ्या रिपोर्टात शिसं उतरायच्या ऐवजी चढलं होतं.

डॉक्टरांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. औषध चुकलं की काय, मज्जातंतू कायमचे गेले की काय, आपण उगाच नाचलो की काय, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. यमुनाकाकीने काकांकडे बघितलं, मग छताकडे बघितलं.

“सांगू का?” ती म्हणाली. काकांनी मान फिरवली. “मी सांगते. एक डबा माल्यावर हाय. ह्यांनी लपवून ठेवलाय. हात थोडा उचलाया लागला तवापासून पहाटे उठून काडून बघतात, जमता का.”

“त्या सफेत्याने?” डॉक्टरांनी विचारलं.

“नव्याला झाक नाय,” काका पुटपुटले.

मला वाटलं आता डॉक्टर भडकणार. मी तरी भडकले होते. मी दोन शब्द सुनावलेही. इतक्या माणसांनी जीव काढायचा आणि यांनी पहाटे उठून विष चाटायचं! डॉक्टरांनी मला हाताने गप्प केलं. म्हणाले, “म्हात्रेबाई, चूक माझी आहे. मी औषध दिलं, झाक दिली नाही.”

तो डबा त्यांनी स्वतः माळ्यावरून उतरवला आणि काकांच्या देखत सीलबंद करून त्याची नीट विल्हेवाट लावली. आणि दुसऱ्या दिवसापासून पेणचे एकमेव दुर्मीळ-रोग-तज्ज्ञ पांढरा रंग बनवायला बसले. जस्ताचा सफेता आणला. तेलं बदलली. त्यात मूर्तींना चमक आणायची मोत्यासारखी पूड चिमूटचिमूट घातली. सकाळी कारखान्यात, दुपारी दवाखान्यात. कानाला रंग, भुवईला रंग. पेशंट विचारायचे, डॉक्टर, तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्या? काका रोज डाव्या हाताने एक ठिपका लावून, मान तिरपी करून बघायचे आणि म्हणायचे, “नाय.” डॉक्टर पुन्हा घोटायला बसायचे. एक दिवस काकांनी ठिपका लावला, मान तिरपी केली, दुसऱ्या बाजूने तिरपी केली, आणि काही बोललेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, “नाही म्हणा की.” काका म्हणाले, “थांबा हो, बघतोय.” त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्या कारखान्याला वडापाव खाऊ घातले.

ब्रश चाटायची सवय मोडणं त्याहून अवघड गेलं. तोंडाला मास्क लावला तर काका मास्क खाली ओढून चाटायचे. त्यांना कळायचंच नाही. शेवटी डॉक्टरांनी जत्रेतली एक शिट्टी आणली. काका डाव्या हाताने सराव करायचे आणि ब्रश हनुवटीच्या वर आला की डॉक्टर शिट्टी वाजवायचे. कारखान्यातल्या पोरांना इतका आनंद झाला की सगळेच शिट्टीशिवाय तोंडाने ‘फुर्र’ करू लागले. काका शिव्या घालायचे. हसता हसता मूर्ती घासणाऱ्यांच्या हातून सोंडा सुटायच्या.

आषाढ सरता सरता रिपोर्ट उतरला. मनगट वर येऊ लागलं. आधी टेबलावर, मग हवेत, मग ब्रश धरून. जोर यायला अजून वेळ होता, पण डॉक्टरांना आता थांबता येत नव्हतं. मुलगी स्वतः येऊन त्यांना न्यायला तयार झाली होती. मग एका सकाळी सामान रिक्षात भरून डॉक्टर निघाले आणि रिक्षा आधी कारखान्यावर घ्यायला लावली. मीही बरोबर होते. स्टेशनला सोडायला जायचं असं ठरलं होतं, पण मला माहीत होतं ते कशासाठी थांबलेत.

आत काका आधीच उभे होते. खोबणी काढून ठेवलेली. समोर छातीएवढी मूर्ती, सगळी रंगवलेली, फक्त डोळ्यांच्या जागा कोऱ्या. पांढरा भरून झाला होता. आता काळ्याची रेघ मारायची होती, एकदा मारली की पुसता न येणारी. पोरं फुर्र करायची विसरून गेली होती.

काकांनी उजवा हात उचलला. मनगट वर आलं, पण थरथरत होतं. डॉक्टर पुढे झाले, गुडघे कुरकुरत असतानाही खाली बसले आणि आपल्या दोन्ही तळव्यांवर काकांचं कोपर घेतलं. “आखा,” म्हणाले.

काकांनी ब्रश बुडवला, निथळला, आणि तो तोंडाकडे निघाला. शिट्टी वाजवायला डॉक्टरांचे हात मोकळे नव्हते. मी ओरडणार तेवढ्यात ब्रश ओठांपाशी थांबला. काका क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी खाली बघितलं. डॉक्टरांची पांढरीशुभ्र बाही समोरच होती. त्यांनी ब्रशाचं टोक त्या बाहीवर फिरवलं, टोक काढलं आणि मूर्तीच्या डोळ्याला लावलं.

रेघ एका दमात गेली. वरची पापणी, मग खालची. प्रत्येक रेघेआधी ब्रश डॉक्टरांच्या बाहीवर येत होता आणि डॉक्टर हात ताठ करून बाही पुढे करत होते. दुसरा डोळा झाला, बुबुळ झालं. काका मागे सरले. मूर्ती आमच्याकडे बघत होती. खरंच सांगते, मला नजर खाली करावी लागली.

कुणीतरी डॉक्टरांना दुसरा शर्ट देऊ केला. ते म्हणाले, “वेडे आहात का?” आणि तसेच रिक्षात जाऊन बसले. मला म्हणाले, “म्हात्रेबाई, तुम्ही नका येऊ स्टेशनवर, तुम्ही रडाल.” मी म्हटलं, मी कशाला रडू. आणि रडले.

रिक्षा निघाली. डॉक्टरांनी हात बाहेर काढला होता, कोपरापर्यंत काळ्या बारीक रेघांनी भरलेली बाही वाऱ्यावर फडफडत होती. यशवंतकाका कारखान्याच्या दारात माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी निरोप द्यायला उजवा हात वर केला, तळवा उघडला, आणि रिक्षा वळणाआड जाईपर्यंत मनगटातून हलवत राहिले.